स्पेनचे सणवार : आई-बाबांना मार्चमध्ये बोलवू की डिसेंबरात?

सोनचाफा

आम्ही सध्या व्हॅलेन्सियात राहतो. पुढच्या वर्षी आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येणार आहेत, महिनाभर तरी राहतील. आईला किल्ले-म्युझियमचं फारसं अप्रूप नाही. "तिथली माणसं सणाला काय करतात ते मला बघायचंय," असं तिने स्पष्ट सांगितलंय. बाबांना गर्दी चालते, पण त्यांची बायपास झालेली आहे आणि मोठ्या आवाजाचा त्रास होतो.

तिकिटं काढायच्या आधी दोन पर्यायांवर घरात चर्चा चाललीये. नवरा म्हणतो मार्च, कारण फायास, इथला पुतळे जाळायचा मोठा सण. माझं मन डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते ६ जानेवारी असं म्हणतंय. तुमचं मत कारणांसकट सांगा.

आणखी एक. माझ्या ऑफिसच्या सुट्ट्या आणि बार्सेलोनातल्या मैत्रिणीच्या सुट्ट्या जुळत नाहीत. देश एक, मग यादी एक का नाही? ही यादी ठरते कशी?

धनंजय_के

आधी यादीचं सांगतो. इथल्या कामगार कायद्याच्या ३७व्या कलमानुसार वर्षाला जास्तीत जास्त १४ पगारी सार्वजनिक सुट्ट्या मिळतात आणि त्यांतल्या २ गावाच्या असतात. नाताळ, १ जानेवारी, १ मे आणि १२ ऑक्टोबर या चार सगळीकडे सारख्या. उरलेल्यांपैकी काहींची स्वायत्त प्रदेशांना अदलाबदल करता येते. शिवाय सुट्टी रविवारी आली तर तिच्या बदल्यात सोमवार द्यायचा की दुसराच दिवस, हेही प्रदेश ठरवतो.

त्यामुळे तुमच्या मैत्रिणीला २६ डिसेंबरची सुट्टी आहे आणि आम्हाला माद्रिदमध्ये नाही. कातालोनियात त्या दिवशी आदल्या दिवशीच्या उरलेल्या मटणाचं सारण भरून कानेलोन्स करतात. ११ सप्टेंबरही त्यांचा, १७१४ साली बार्सेलोना पडलं त्याच्या स्मरणार्थ. आमच्या शहराच्या दोन सुट्ट्या म्हणजे १५ मेचा सान इसिद्रो आणि ९ नोव्हेंबरची आल्मुदेना देवी. २ मे आमच्या प्रदेशाचा, १८०८ मध्ये माद्रिदकर नेपोलियनच्या फौजेविरुद्ध उठले तो दिवस.

मंगळवारी किंवा गुरुवारी सुट्टी आली की मधला दिवस रजा टाकून चार दिवस गायब व्हायचं, याला इथे 'पुएन्ते' म्हणतात. डिसेंबरात ६ तारखेला संविधान दिन (१९७८चं सार्वमत) आणि ८ला मारियेचा सण, त्यामुळे त्या आठवड्यात कुणाकडून ईमेलच्या उत्तराची अपेक्षा ठेवू नका. आई-बाबांसोबत फिरायचं असेल तर त्या दिवसांची रेल्वे तिकिटं फार आधी काढा.

गच्ची

तोमातिना, ती टोमॅटोंची मारामारी! तो हिंदी सिनेमा आल्यापासून माझ्या यादीत पहिल्या नंबरवर आहे. बुन्योल तुमच्या जवळच ना?

सोनचाफा

@गच्ची, हो, साधारण ४० किलोमीटर. पण ते ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असतं. आणि आमच्या बाबांना कोणी टोमॅटो मारला तर आई तो परत मारेल, एवढं नक्की.

मृण्मयी_जी

तोमातिनाबद्दल थोडं. सुरुवात १९४० च्या दशकातली, गावातल्या पोरांच्या भांडणातून. २०१३ पासून तिकीट आहे, कारण छोट्याशा गावात माणूस मावेना. तासभर चालतं, मग पाण्याचे बंब येऊन रस्ते धुतात. तरुण मंडळींसाठी मजा आहे, पण 'तिथली माणसं सणाला काय करतात' या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळत नाही, कारण तिथे निम्मे तुमच्या-माझ्यासारखे पाहुणेच असतात.

पाऊलवाट

मी नवऱ्याच्या बाजूने. फायास सोडून दुसरं काही बघायला व्हॅलेन्सियात येणं म्हणजे भाद्रपद टाळून पुण्यात येण्यासारखं आहे.

प्रत्येक मोहल्ल्याचं आपलं मंडळ, वर्षभर वर्गणी, मंडपात एकत्र पाएया शिजवणं. कारागीर जवळजवळ वर्ष खपून पुतळ्यांची ती प्रचंड रचना उभी करतात. तिच्यातल्या एकेका पुतळ्याला 'निनोत' म्हणतात. कुठे पंतप्रधान, कुठे फुटबॉलपटू, कुठे घरभाडं वाढवणारा मालक, सगळ्यांची खिल्ली. १५ मार्चला उभारणी पूर्ण होते आणि १९च्या रात्री सगळं जाळून टाकतात. आधी लहान मुलांच्या रचना, मग मोठ्या, पालिकेची सगळ्यात शेवटी. अग्निशमन दलाची माणसं शेजारच्या इमारतींच्या भिंतींवर पाणी मारत उभी असतात आणि ज्यांनी ती बनवली तीच माणसं हुंदके देऊन रडत असतात. एका वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत जाते आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या वर्षाची बैठक.

१७ आणि १८ला मारियेला फुलं वाहायला शहरभरच्या बायका-मुली रेशमी पोशाखात निघतात. लाकडी सांगाड्यावर चढून माणसं खालून फेकलेले फुलांचे गुच्छ झेलतात आणि त्यांतून देवीचा झगा विणला जातो. काकूंना हे आवडलं नाही तर माझं नाव बदला.

नीलाक्षी

@पाऊलवाट, सगळं मान्य, पण बाबांच्या तब्येतीचं काय? १ मार्चपासून १९ पर्यंत रोज दुपारी दोनला पालिकेसमोरच्या चौकात 'मास्क्लेता', म्हणजे फटाक्यांचा कडकडाट असतो. त्यात बघण्यासारखं काही नाही, तो ऐकायचा. शेवटच्या मिनिटाला आवाज कानापेक्षा छातीत जास्त बसतो, खिडक्यांच्या काचा हलतात. तिथली माणसं यासाठी अर्धा तास आधी येऊन उभी राहतात आणि संपलं की टाळ्या वाजवतात. चौकात गेलं नाही तरी सुटका नाही, कारण त्या आठवड्यात सकाळी आठला प्रत्येक मंडळ बँड आणि फटाक्यांनी आपल्या गल्लीला उठवतं. लहान मुलंसुद्धा खिशात फटाके घेऊन फिरतात.

बायपास झालेल्या माणसाला त्या दिवसांत व्हॅलेन्सियाच्या मध्यवस्तीत ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

अण्णा सातारकर

नीलाक्षीताईंशी सहमत. +१

तिखटमीठ

सेव्हियाबद्दल कोणीच लिहिलं नाही? ईस्टरच्या आधीचा आठवडा मार्च-एप्रिलमध्ये येतो. त्यात फटाके नाहीत, उलट काही मिरवणुकांत हजारो माणसांच्या गर्दीत टाचणी पडली तर ऐकू येईल.

मिरवणुकीतला देव्हारा टनभराहून जड असतो आणि उचलणारी माणसं आत, कापडाच्या झालरीमागे दडलेली. बाहेरून फक्त त्यांची पावलं दिसतात. डोक्या-मानेवर गुंडाळलेल्या कापडावर सगळा भार. पुढे म्होरक्या उभा. तो देव्हाऱ्यावरची धातूची कडी आपटतो, आतल्या मंडळींशी नाव घेऊन बोलतो, हा उचल कुणासाठी ते सांगतो, कधी कुणाच्या आजारी आईसाठी. मग पुन्हा कडी वाजते आणि अख्खा देव्हारा मेणबत्त्यांसकट एका झटक्यात वर उडतो. लोक टाळ्या वाजवतात. वर कुठल्या तरी गॅलरीतून एखादा 'साएता' गायला लागतो, कसलीही साथ नाही, आणि मिरवणूक त्याच्यासाठी थांबते.

टोकदार टोप्या बघून पाहुणे दचकतात, अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी टोळीची आठवण होते. त्यांचा काही संबंध नाही. हा पश्चात्तापाचा वेश त्या टोळीच्या शेकडो वर्षं आधीपासूनचा आहे. काकूंना आधीच सांगून ठेवा.

नीलाक्षी

@तिखटमीठ, सुंदर लिहिलंय. पण गुरुवारची रात्र सेव्हियात माणसं उभ्यानेच काढतात. बसायच्या खुर्च्या वर्षानुवर्षं त्याच घराण्यांकडे. सत्तरीच्या जोडप्याला जमेल?

सोनचाफाताई, मार्चअखेरीस आलेच तर तुमच्या शहरातल्याच काबान्याल कोळीवाड्याचा पवित्र आठवडा बघा. घरं ठेंगणी, गल्ल्या छोट्या, दाराशी खुर्ची टाकून बसता येतं. शनिवारी मध्यरात्री तिथे गॅलऱ्यांतून जुनी फुटकी भांडी आणि पाणी रस्त्यावर टाकतात. अडगळ काढायची अशी रीत सगळ्या जगात हवी.

गच्ची

आणि बैलांमागे धावणं? पाम्प्लोनाचा सान फेर्मिन?

अण्णा सातारकर

बैलांच्या पुढे धावतात, मागे नाही. ७ ते १४ जुलै, रोज सकाळी आठला. १९१० पासून त्यात १६ जणांचा जीव गेलाय, शेवटचा २००९ मध्ये. आणि जे बैल सकाळी धावतात तेच संध्याकाळी रिंगणात मारले जातात. पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना हे दुसरं वाक्य कोणी सांगत नाही. मला तो सण म्हणून स्वीकारता येत नाही. संस्कृती आहे म्हणून सगळंच जपायचं असं नसतं.

धनंजय_के

अण्णा, इथेही यावर घराघरांत वाद आहेत. कानारी बेटांनी १९९१ मध्येच बैलझुंज बंद केली. कातालोनियाने २०१० मध्ये बंदीचा कायदा केला, तो २०१६ मध्ये घटना न्यायालयाने रद्द केला. माझ्या ऑफिसात एक बाई दरवर्षी तिकीट काढून झुंजीला जातात आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी त्याच्या विरोधात मोर्चाला जाते. दोघी कॉफीला एकत्र असतात.

मृण्मयी_जी

पाम्प्लोनाचा सण म्हणजे नुसते बैल, हे चित्र मला पटत नाही. त्याच दिवसांत सकाळी राक्षसी आकाराच्या आठ पुतळ्यांची मिरवणूक निघते, चार खंडांचे राजे आणि राण्या, १८६० साली बनवलेले. आत एक माणूस असतो, तो पुतळा खांद्यावर घेऊन सनईसारख्या वाद्यावर गिरक्या घेतो. गावातली मुलं चोखणं सोडायच्या वयाची झाली की ते आणून राक्षसाला देऊन टाकतात. राजाच्या हातावर चोखण्यांची माळ लटकलेली असते. बैल वगळून गेलं तरी हे बघण्यासारखं आहे, आणि अण्णा, हे बघताना तुम्हालाही काही खटकणार नाही.

म्हापशेकर

पाम्प्लोनाचं नाव निघालं म्हणून लिहितो. तिथून साधारण ५० किलोमीटरवर हाविएरचा किल्ला आहे. १५०६ साली तिथे जन्मलेला मुलगा म्हणजे आमचा गोंयचो सायब, संत फ्रान्सिस झेवियर. ३ डिसेंबरला त्याचं फेस्त, म्हणून गोव्यात सार्वजनिक सुट्टी, आणि त्याच दिवशी नावार्रा प्रदेशातही सुट्टी, कारण तो त्यांचा प्रदेश-दिन. हजारो मैलांवरची दोन ठिकाणं एकाच माणसासाठी एकाच दिवशी बंद असतात. मार्चमध्ये नावार्रातले लोक त्या किल्ल्यापर्यंत पायी वारी करतात. देह इथे जुन्या गोव्यात, जन्मघर तिथे. मागचं शवप्रदर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ होतं, पुन्हा दहा वर्षांनी.

आणखी दोन. २३ जूनच्या रात्री ते लोक समुद्रावर होळ्या पेटवून त्यावरून उड्या मारतात, आम्ही दुसऱ्या दिवशी, २४ला, डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मारतो. संत तोच, बाप्तिस्मा देणारा योहान. जूनमध्ये आमच्याकडे पाऊस, तिथे कोरडा उन्हाळा, प्रत्येकाने हाताशी होतं ते घेतलं. आणि ६ जानेवारीला वेरेंच्या रेइश मागुश चर्चमध्ये, तसंच चांदोरला, तीन मुलगे बाळ येशूला भेटायला आलेले राजे होऊन घोड्यावरून येतात.

सोनचाफा

@म्हापशेकर, आईचं माहेर डिचोलीचं! हे तिला आत्ताच पाठवलं. ३ डिसेंबरचं वाचून तिचा लगेच फोन आला.

कोकणी मेवा

१२ ऑक्टोबर सगळीकडे सारखी सुट्टी, असं वर लिहिलंय. ती कोलंबसाचीच ना? लोकांना ती साजरी करायला काही वाटत नाही?

धनंजय_के

वाटतं, पुष्कळांना वाटतं. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला तो दिवस, १९८७च्या कायद्याने राष्ट्रीय दिन ठरला. माद्रिदला राजासमोर लष्करी संचलन होतं. त्याच दिवशी साजरं करण्यासारखं काही नाही असं म्हणत मोर्चेही निघतात, त्यात लॅटिन अमेरिकेतून आलेले लोक असतात, इथले तरुणही असतात. माझी घरमालकीण इक्वादोरची आहे, ती त्या दिवशी मुद्दाम दुकान उघडं ठेवते. सारागोसात मात्र तो दिवस संचलनाचा नसून पिलार देवीचा आहे, लोक चौकात फुलांचा डोंगर रचतात. ज्याला सण बघायचाय त्याने सारागोसाला जावं.

मृण्मयी_जी

आणि व्हॅलेन्सियात खरी मजा तीन दिवस आधी, ९ ऑक्टोबरला. १२३८ साली जाउमे राजा शहरात शिरला तो दिवस. नवरे बायकोला रेशमी रुमालात बांधून बदामाच्या मिठाईची इवलीशी फळं-भाज्या देतात. वांगी, लिंबं, गाजरं, सगळी बोटाएवढी. दुकानांच्या काचांमागे त्यांचे ढीग लागतात.

सुट्टी नसलेलेही मोठे दिवस असतात, हे सोनचाफाच्या यादीत येणार नाही. २३ एप्रिलला बार्सेलोनात रस्तोरस्ती पुस्तकं आणि गुलाब, अख्खं शहर बाहेर, आणि तो कातालोनियात कामाचा दिवस आहे! शेजारच्या आरागोनला मात्र त्या दिवशी सुट्टी. बार्सेलोनाचे लोक जेवणाच्या सुट्टीत धावत जाऊन पुस्तक आणतात. मला तर वाटतं, म्हणूनच तो टिकलाय. सुट्टी असती तर निम्मे गावी गेले असते.

तिखटमीठ

तसाच कामाचा दिवस २२ डिसेंबर. नाताळची लॉटरी! माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं सकाळपासून एक एक आकडा गाऊन सांगतात, दुसरा मुलगा बक्षीस गातो. घरी, बारमध्ये, दवाखान्यात तोच सूर सुरू असतो. १८१२ पासून चालू आहे. आकडे शून्यापासून ९९९९९ पर्यंत. दहावा भाग २० युरोला, पहिलं बक्षीस लागलं तर ४ लाख. त्यातले पहिले ४० हजार करमुक्त, वरच्यावर २० टक्के, म्हणजे हातात ३ लाख २८ हजार.

पण मुद्दा पैशाचा नाही, वाटून घेण्याचा आहे. ऑफिसचा एक आकडा, जिमचा एक, कोपऱ्यावरच्या बारचा एक, आणि त्यांच्याकडे लागली आणि आपल्याकडे नसेल तर, या धसक्याने सगळे सगळ्यांकडून घेतात. २०११ मध्ये ऊएस्का प्रांतातल्या सोदेतो या चिमुकल्या गावाला पहिलं बक्षीस लागलं. गावातल्या गृहिणींच्या मंडळाने दारोदार फिरून वाटे विकले होते, एक ग्रीक गृहस्थ सोडून जवळजवळ प्रत्येक घरात वाटा होता.

गच्ची

सोनचाफाताई, बाबांच्या नावाने एक घ्या आणि लागली तर या धाग्यावरच्या सगळ्यांना पेढे!

कोकणी मेवा

खाण्याचं सांगा ना कोणी. काका-काकू शाकाहारी असतील तर पंचाईत?

मृण्मयी_जी

नाताळच्या गोडाधोडात सगळ्यात मोठी खबरदारी पोल्व्होरोन आणि मान्तेकादोची. दिसतात नानकटाईसारखे, कागदात गुंडाळलेले, पण पारंपरिक पद्धतीत त्यात डुकराची चरबी असते. पाकिटावर 'मान्तेका दे सेर्दो' लिहिलंय का बघायचं. ऑलिव्ह तेलाचेही मिळतात. तुरोन म्हणजे बदाम, मध आणि अंड्याचा पांढरा भाग. हिहोनाचा मऊ, आलिकान्तेचा कडक. दातांचा प्रश्न असेल तर हिहोनाचाच द्या. १ नोव्हेंबरला, थडग्यांवर फुलं वाहायच्या दिवशी, बार्सेलोनात बदाम-बटाट्याचे पानेयेत्स मिळतात, पण ते तुमच्या तारखांत बसत नाहीत.

अण्णा सातारकर

३१ डिसेंबरच्या द्राक्षांची तयारी करा. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातलं घड्याळ टीव्हीवर दाखवतात आणि रात्री बाराच्या प्रत्येक टोल्याला एक द्राक्ष तोंडात. त्याआधी चार दुहेरी टोले पडतात, ते पाव तासाचे. नवखा माणूस तिथेच सुरुवात करून फसतो. बाबांसाठी बिनबियांची घ्या आणि साल काढून ठेवा, घशात अडकायला नको. बाजारात सोललेल्या बारा द्राक्षांचे छोटे डबेच मिळतात. तुमच्या शेजारच्या विनालोपो खोऱ्यातली द्राक्षं झाडावर असतानाच कागदी पिशवीत बांधतात, म्हणून ती डिसेंबरपर्यंत टिकतात. माझी द्राक्षबाग तासगावजवळ आहे, त्यामुळे तिथे जाऊन ते बघायची माझी फार इच्छा आहे.

सोनचाफा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री आईला स्पीकरवर घेऊन पूर्ण धागा वाचून दाखवला. नीलाक्षीताईंचं मास्क्लेताचं वर्णन ऐकून बाबा म्हणाले, "नको रे बाबा." म्हणजे डिसेंबर ठरल्यासारखंच. पण नवरा अजून हळहळतोय, फायासचं काय म्हणून. आणि राजांच्या मिरवणुकीबद्दल कोणी लिहिलंच नाही.

पाऊलवाट

मी हार मानत नाही, पण तोडगा देतो. फायासच्या सगळ्या रचनांतून लोकांच्या मतांनी एक निनोत दरवर्षी आगीतून वाचवतात. १९३४ पासूनचे ते वाचलेले पुतळे तुमच्या शहरातल्या फायास म्युझियममध्ये ओळीने मांडलेत. आवाज नाही, धूर नाही, बाबा खुर्ची शोधून निवांत बघू शकतात. काकूंना म्युझियम नकोच असली तरी हे चालेल. जुन्या पुतळ्यांत विणकाम करणाऱ्या आज्या आहेत, बाजारातल्या बायका आहेत, माणसं काय करायची तेच आहे. नवऱ्याला तिथे पाठवा, हळहळ कमी होईल.

नीलाक्षी

राजांचं मी लिहिते. ५ जानेवारीच्या संध्याकाळी व्हॅलेन्सियात तिघं राजे बोटीने बंदरावर उतरतात. तुम्हाला शहरातली रेटारेटी टाळायची असेल तर बंदरावरच जा. मग शहरातून मिरवणूक निघते, रथांवरून मूठमूठ गोळ्या फेकतात. मुरलेले आजी-आजोबा छत्री उलटी धरून उभे असतात, गोळ्या आपोआप त्यात पडतात. आईसाठी एक छत्री न्या. रात्री मुलं राजांच्या भेटींसाठी बूट दाराशी ठेवतात आणि त्यांच्या उंटांसाठी पाणी.

६ला सकाळी रोस्कोन. गोल गोड पाव, वर साखरेत मुरवलेली फळं, आत एक छोटी मूर्ती आणि एक वालाचा दाणा. मूर्ती मिळाली तो राजा, दाणा मिळाला त्याने रोस्कोनचे पैसे द्यायचे. बाबांना खाण्याआधी आवर्जून सांगा, मूर्ती चिनीमातीची असते, दात सांभाळायला हवा.

परतीचं विमान ७ नंतरचंच घ्या. ६ला सगळं बंद असतं आणि ७ पासून कपड्यांचे सेल लागतात, काकूंची खरेदी होईल.

सोनचाफा

विमान ९ जानेवारीचं बघतेय. येण्याची तारीख मात्र आईने स्वतः बदलली : ती आता २ डिसेंबरला उतरायचं म्हणतेय आणि ३ला हाविएरच्या किल्ल्यावर. नवऱ्याने ट्रेनचं बघायला घेतलंय. पाम्प्लोनापासून पुढे गाडी भाड्याने घेणं बरं की बस?

म्हापशेकर

गाडी घ्या. सुट्टीच्या दिवशी बसवर अवलंबून राहू नका. आणि लांबच्या प्रवासानंतर लगेच दुसऱ्या दिवशी इतकं हिंडणं बाबांना झेपणार नाही, १ तारखेलाच उतरा. डिसेंबरात तिथे कडक थंडी असते, दोघांना जाड कोट आणि लोकरीचे मोजे आठवणीने.

नीलाक्षी

आणि रोस्कोन जवळच्या बेकरीत ३ जानेवारीच्या आत सांगून ठेवा. ५ला संध्याकाळी रांग रस्त्यापर्यंत येते. साय भरलेला घेतलात तर फ्रीजमध्ये जागा करून ठेवा.